विषाची परीक्षा

पोरांनो, विषारी सरडा असतो का? ज्याला वाटतं असतो, त्यानं हात वर करा.

वा! सगळ्यांचेच हात वर. थोरला म्हणतो, बिस्कोब्रा विषारी. मधला म्हणतो, सापसुरळी चावली की माणूस पाणी मागत नाही. धाकटीचं म्हणणं, घरातली पालसुद्धा विषारी, कारण दुधात पाल पडली तेव्हा आजीनं सगळं दूध ओतून दिलं होतं.

मग ऐका. विषारी सरडा असतो, पण तुम्ही सांगितलेल्या तिघांपैकी एकही नाही. खरा विषारी सरडा ना आपल्या शिरसुफळच्या माळावर सापडेल, ना इंदापूरच्या कडबनवाडीला, ना सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात. तो राहतो सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आणि शेजारच्या मेक्सिकोत. आणि गंमत बघा, त्याच्या लाळेतून माझ्यासारख्या साखरेच्या आजारवाल्यांसाठी औषध निघालं.

"शी! लाळेतून?"

हो, लाळेतून. पण औषधापर्यंत जायच्या आधी त्या सरड्याची गाठ घ्यायला हवी.

त्याचं नाव हिला मॉन्स्टर. हिला ही तिकडची नदी, तिच्या खोऱ्यावरून पडलेलं नाव. १८६९ साली एडवर्ड ड्रिंकर कोप नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं त्याचं शास्त्रीय बारसं केलं. दातांवर उभ्या खाचा दिसल्या, तेव्हा कोपला संशय आला की हा गडी विषारी असावा. पण पुरावा हाती नव्हता. म्हणून त्यानं आपला संशयच नावात घालून ठेवला: हेलोडर्मा सस्पेक्टम. सस्पेक्टम म्हणजे संशयित. संशय पुढे खरा ठरला, नाव मात्र तेच राहिलं. मेक्सिकोत त्याचा याहून मोठा भाऊबंद राहतो. त्याची ओळख शास्त्राला त्याआधीच, १८२९ साली झाली होती.

दिसायला कसा? लांबीला दीड-पावणेदोन फूट, अंगानं ठेंगणा, डोकं रुंद, शेपूट जाड आणि आखूड. अंगभर गोल मण्यांची नक्षी, काळ्यावर गुलाबी किंवा नारिंगी पट्टे. त्या मण्यांच्या आत हाडाचे बारीक गोळे असतात, म्हणजे अंगावर कायमचं चिलखतच. इतके भडक रंग मिरवणारा प्राणी वाळवंटात लपणार कसा, असं तुम्हाला वाटेल. अंधुक उजेडात, झुडपांच्या सावलीत तो नक्षीमुळे सहज मिसळून जातो. आणि जवळ आलेल्याला तोच रंग बजावतो की पुढे येऊ नकोस.

आता त्याचा दिनक्रम ऐका. वर्षातला जवळजवळ ९५ टक्के वेळ हा बाबा जमिनीखाली असतो. बिळात, खडकांच्या कपारीत, दुसऱ्या कुणीतरी खणलेल्या घरात. सोनोरा नावाच्या त्या वाळवंटात उन्हाळ्यात जमीन अशी तापते की त्याच्यासारख्या सावकाश चालणाऱ्यानं बाहेर पडायची सोयच नसते. वसंतात तो बाहेर येतो आणि घरटी शोधत हिंडतो. पक्ष्यांची अंडी, सरड्यांची अंडी, सशांची आणि उंदरांची बिळातली डोळे न उघडलेली पिल्लं, हे त्याचं जेवण. पळून जाणारी शिकार धरणं त्याला जमत नाही, मग पळू न शकणारी धरायची.

आणि जेवतो किती? एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांश. वर्षातून अशी मोजकीच जेवणं झाली तरी भागतं. उरलेलं सगळं चरबी होऊन शेपटीत साठतं. शेपूट जाड दिसली तर साल बरं गेलं, बारीक दिसली तर दुष्काळ. पाण्याचीही तजवीज आहे. पावसात भरपूर पिऊन तो ते मूत्राशयात साठवतो आणि पुढच्या कोरड्या दिवसांत तिथूनच अंगात परत शोषून घेतो.

"आबा, पण विषाचं काय?"

आलो, आलो. सापाचं विष वरच्या जबड्यात असतं. डोळ्यामागे पिशवी, तिथून नळी, आणि नाग किंवा घोणस असेल तर पुढे पोकळ दात. दात रुतला की विष दाबानं आत. हिला मॉन्स्टरचं सगळं उलट. त्याच्या विषाच्या ग्रंथी खालच्या जबड्यात. दात पोकळ नाहीत, त्यांच्यावर नुसत्या खाचा. उसाच्या सरीत मोटर चालू केल्यावर पाणी जसं आपल्या चालीनं पुढे पुढे सरकतं, तसं विष त्या खाचांतून जखमेत उतरतं. तिथं दाब नाही, म्हणून वेळ लागतो. आणि वेळ मिळवायचा तर धरून ठेवावं लागतं. म्हणूनच हा सरडा चावला की सोडत नाही. जबडा आवळतो, चावत राहतो, आणि माणसं त्याला ओढून काढायला धडपडतात.

वेदना भयंकर. हात सुजतो, दरदरून घाम येतो, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. उतारा म्हणून खास लस नाही, डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. तरी माणूस मरणं फार दुर्मीळ. २०२४ च्या फेब्रुवारीत कोलोरॅडो राज्यात एकजण दगावला, पण तो वाळवंटात चावला गेला नव्हता. त्यानं हिला मॉन्स्टर घरात पाळला होता. रानातला हिला मॉन्स्टर आपणहून कुणाच्या अंगावर जात नाही. अंडी आणि पिल्लं मारायला त्याला विष लागतच नाही. ते राखून ठेवलंय कोल्हे, गरुड आणि आगाऊ माणसं यांच्यासाठी.

"मग तिकडची माणसं त्याला मारत असतील."

मारायचीच. कथाही रचल्या होत्या. म्हणे त्याचा श्वास लागला तरी मरण. म्हणे त्याला गुदद्वारच नसतं, म्हणून खाल्लेलं आत कुजून त्याचं विष होतं. आपल्याकडच्या बिस्कोब्राच्या कथा ऐकल्यात ना? माणूस कुठलाही असो, न बघितलेल्या गोष्टीचं तो असंच काहीतरी रचतो. पण १९५२ साली ॲरिझोना राज्यानं कायदा करून या सरड्याला संरक्षण दिलं. अमेरिकेत एखाद्या विषारी प्राण्याला कायद्यानं वाचवण्याची ती पहिली वेळ. तेव्हा त्याच्या लाळेतून औषध निघेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. बघा हं, आधी वाचवलं आणि उपयोग नंतर कळला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता औषध. आपल्यात म्हण आहे, विषाची परीक्षा पाहू नये. जॉन एंग नावाच्या डॉक्टरनं ती पाहिली. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात माजी सैनिकांचं रुग्णालय आहे. तिथं रोझॅलिन यालो नावाच्या बाई होत्या. रक्तातली अगदी सूक्ष्म प्रमाणातली संप्रेरकं मोजायची रीत शोधल्याबद्दल त्यांना १९७७ साली नोबेल मिळालं होतं. त्यांच्याच प्रयोगशाळेत एंग काम करत. काही विषांमुळे प्राण्यांच्या स्वादुपिंडावर परिणाम होतो, हे आधीच्या संशोधकांच्या नजरेस आलं होतं. एंग यांनी हिला मॉन्स्टरचं विष घेतलं आणि त्यातली एकेक गोष्ट वेगळी करत गेले. १९९२ साली त्यांनी जगाला सांगितलं की या विषात ३९ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी आहे. तिचं नाव ठेवलं एक्झेंडिन-४.

ती विशेष का? तर ऐका. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात जातं. ते स्वादुपिंडाला सांगतं, साखर वाढलीय, इन्शुलिन सोड. मेंदूला सांगतं, पोट भरलं, आता बस. जठराला सांगतं, घाई करू नकोस. सगळं उत्तम, पण त्याचं आयुष्य एक-दोन मिनिटांचं. रक्तात एक विकर, म्हणजे एन्झाइम, टपून बसलेलं असतं, ते त्याचे लगेच तुकडे करतं. त्याचं नाव डीपीपी-४. म्हणून माणसाचं जीएलपी-१ जसंच्या तसं टोचून औषध होईना.

एंग यांची साखळी या जीएलपी-१ शी जवळजवळ निम्मी जुळणारी. काम तेच करते. पण तिच्यात दुसऱ्या जागेवरचं अमिनो आम्ल वेगळं आहे, आणि ते विकर नेमकं त्याच जागी कापतं. सरड्याच्या साखळीवर त्याची मात्रा चालत नाही. त्यामुळे ती मिनिटांऐवजी तासांच्या हिशेबानं टिकते. पुढे तीच साखळी प्रयोगशाळेत जशीच्या तशी बनवली. औषधाचं नाव एक्झेनाटाइड. २००५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आता त्यासाठी एकाही सरड्याला हात लावावा लागत नाही, सगळं कारखान्यात तयार होतं.

"आबा, तुम्ही तेच घेता?"

नाही रे. माझी रोजची गोळी ग्लिप्टिन जातीची. ती टपून बसलेल्या त्या विकरालाच अडवते, म्हणजे माझं स्वतःचं जीएलपी-१ जरा जास्त टिकतं. एकाच कोड्याची ही दोन उत्तरं. आणि सध्या पेपरात ज्या सेमाग्लुटाइडचा गाजावाजा चाललाय, ते माणसाच्या जीएलपी-१ मध्ये बदल करून बनवलेलं औषध आहे. ते सरड्याचं नव्हे. पण या जातीच्या औषधानं साखर आटोक्यात येते हे बाजारात पहिल्यांदा सिद्ध केलं ते सरड्याच्या साखळीनंच. भवानीनगर, माळेगाव आणि सोमेश्वरच्या कारखान्यांनी बनवलेली साखर आपण आवडीनं खायची आणि तिचा हिशेब ॲरिझोनाच्या एका सरड्यानं चुकता करायचा! आहे की नाही गंमत?

आता चला आपल्या माळावर. नीरेच्या कालव्याखाली ऊस आणि द्राक्षं, कालव्याच्या वर कुसळी गवत, हिवर, बोरी आणि बाभळी. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. वाळवंट नव्हे, पण कोरडेपणाचे धडे गिरवायला लावणारी जमीन. इथं चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आणि तरस आहे. शिरसुफळला आणि कडबनवाडीला वनविभागानं गवताळ सफारी सुरू केलीय, शहरातली माणसं पैसे भरून हे बघायला येतात. आणि याच माळावर तुमचा बिस्कोब्रा राहतो.

तो कोण, सांगू? घोरपडीचं पिल्लू. बस्स, एवढंच. मोठी घोरपड मातकट, दगडात दगड होऊन बसणारी. पिल्लू मात्र काळपट अंगावर पिवळे ठिपके आणि पट्टे घेऊन जन्माला येतं. आई कधी शेजारी दिसत नाही, जीभ सापासारखी दुभंगलेली, अंग रंगीत. झालं! माणसानं ठरवलं की हा वेगळाच कुणीतरी महाविषारी प्राणी.

त्या दुभंगलेल्या जिभेचं खरं काम वेगळं आहे. घोरपड जीभ बाहेर काढते तेव्हा हवेतले आणि जमिनीवरचे वासाचे कण तिच्यावर चिकटतात. जीभ आत गेली की टाळूतल्या एका खास इंद्रियाला ते कळतात. जिभेला दोन टोकं असल्यानं उजवीकडे वास जास्त की डावीकडे, हेही समजतं. हिला मॉन्स्टरही पुरलेली अंडी अशीच हुडकतो. सरड्यांच्या कुळात हे दोघे एकमेकांचे लांबचे भाऊबंदच आहेत.

घोरपडीची वीण बघा. पावसाळ्याच्या आसपास मादी जमीन उकरते, पुष्कळदा सरळ वारूळ फोडते आणि आत अंडी घालते. वाळव्या स्वतःच्या सोयीसाठी वारूळ बुजवून टाकतात. आतली ऊब आणि ओल सारखी राहते, अंड्यांना आयती राखण मिळते. साडेपाच ते साडेआठ महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. तेव्हा वारूळ म्हणजे नागोबाचंच घर असं समजू नका, त्यात घोरपडीचा पाळणाही असू शकतो.

"आबा, पण ती चावते ना?"

कोंडीत धरलं तर चावेल, नखं मारेल, शेपटीचा फटका देईल. तिच्या जातभाईंच्या तोंडातल्या ग्रंथींचा अभ्यास झालाय. ब्रायन फ्राय नावाचे ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ च्या सुमारास मांडलं की घोरपडींच्या कुळातही विषासारखी काही प्रथिनं तयार होतात. २००९ मध्ये इंडोनेशियातल्या कोमोडो ड्रॅगनबद्दलही त्यांनी तेच म्हटलं. याला विष म्हणावं की नुसती लाळ, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. पण बिस्कोब्रा म्हणून गावोगाव सांगतात तसं, चावताच माणूस आडवा, असलं काही घोरपडीत नाही. जखम साबणानं धुवायची, दवाखान्यात जायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं.

सापसुरळीला तर विषाच्या ग्रंथीही नाहीत आणि खाचांचे दातही नाहीत. गुळगुळीत अंग, लुटूलुटू पाय, संकट आलं की शेपूट तोडून पसार. घरातल्या पालीचंही तेच. तिच्या अंगावरच्या जंतूंनी पोट बिघडू शकतं, म्हणून आजीनं दूध ओतलं ते बरोबरच केलं, पण ते विष नव्हे. आणि आपल्या पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या, खडकाळ भागात आणखी एक बिचारी आहे: बिबट्या पाल. रात्री जमिनीवर हिंडते, अंगावर ठिपके, शेपूट जाड. घरातल्या पालीला पापण्या नसतात, या पालीला असतात, ही चक्क डोळे मिटते. हीसुद्धा वाईट दिवसांसाठी शेपटीत चरबी साठवते. हिला मॉन्स्टरशी नातं अगदी दूरचं, पण कोरड्या मुलखात दोघांना उपाय एकच सुचला. फरक इतकाच की हिच्याकडे विषाचा थेंबही नाही, आणि विषारी समजून दगड पडतो तो हिच्याच डोक्यात.

खरं भय कुणाचं ते नीट ध्यानात ठेवा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. अंधारात काहीतरी चावलं आणि दिसलं नाही, तर सरडा असेल म्हणून घरी बसायचं नाही आणि मांत्रिकाकडेही जायचं नाही. थेट सरकारी दवाखाना गाठायचा. या चारही सापांवर चालणारी लस आपल्या देशात मिळते.

आणि घोरपडीला भय कुणाचं? आपलं. कुणी म्हणतं तिचं तेल सांधेदुखीवर चालतं, कुणाला मटण हवं, कुणाला खंजिरीवर मढवायला कातडं. बाजारात हाथाजोडी नावाची सुकलेली वस्तू पैसा खेचून आणणारी मुळी म्हणून विकतात. ती मुळी नाही. २०१७ साली तपासणीत उघड झालं की ते नर घोरपडीचं सुकवलेलं जननेंद्रिय असतं. धन यावं म्हणून तुम्ही देवघरात काय ठेवता ते तरी बघा! तानाजीच्या यशवंती घोरपडीची कथा तुम्हाला तोंडपाठ आहे. इतिहासकार ती दंतकथा मानतात. पण घोरपड कपारीत शिरून अंग फुगवते आणि ओढून निघत नाही, हे मात्र खरं आहे. ज्या प्राण्याच्या नावानं आपण शौर्याच्या गोष्टी सांगतो, त्याच्याच मागे कुत्री लावायची हे काही बरं नाही.

कायदाही तेच सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात घोरपडीचं नाव आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मारली, विकली, तिचे अवयव जवळ बाळगले, तर तीन ते सात वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड.

पण मी तुम्हाला कायद्याचा धाक घालत नाही. हिशेब सांगतो. घोरपड शेतातले भुंगेरे, अळ्या, उंदीर आणि विंचू खाते, मेलेलं जनावरही साफ करते. एवढं तर आपल्याला आजच माहीत आहे. उद्या काय कळेल ते सांगता येत नाही. १९५२ साली हिला मॉन्स्टरला वाचवणाऱ्यांनाही ते सांगता आलं नसतं. एखादा प्राणी उपयोगाचा की निरुपयोगी हे कळायला एक पिढी पुरत नाही, म्हणून निकाल लागायच्या आधी त्याला मारायचं नाही.

तेव्हा उद्यापासून एवढं करा. वारुळात काठी घालू नका. रंगीत पिल्लू दिसलं तर दहा पावलं लांब उभं राहून डोळे भरून बघा. ओरडून माणसं गोळा करू नका. ते घरात किंवा विहिरीत अडकलं असेल तर हात लावू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि कुणी काठी घेऊन धावला तर त्याला सांगा, हे घोरपडीचं लेकरू आहे, जाऊ दे त्याला.